‘गेट’ आणि ‘लागणे’

भाषेतले भारदस्त शब्द पाहिले की आपण थोडे दबकतो. ‘अस्मिता’, ‘तादात्म्य’, ‘अभिव्यक्ती’ असा एखादा शब्द तासाला आला की आम्ही मुली तो वहीत लगेच अधोरेखित करून ठेवतो आणि परीक्षेत कुठे बसवता येईल याची वाट पाहतो. पण भाषेचा संसार हे शब्द चालवीत नाहीत. लग्नघरी फेटा बांधून मांडवात पुढे बसणारे वेगळे आणि मागच्या अंगणात चुलीपाशी घाम गाळणारे वेगळे. भाषेतही तसेच आहे. पुढे मिरवतात ती भारदस्त नामे. मागे राबतात ती ‘करणे’, ‘घेणे’, ‘पडणे’, ‘मारणे’ अशी लहान, ओबडधोबड क्रियापदे.

आमच्या घरी जर्मनचा एक जुना गंज आहे. सकाळी त्यात दूध तापते, दुपारी वरण शिजते, पाहुणे आले की चहा होतो आणि रात्री तोच गंज पाण्याने भरून चुलीपाशी ठेवलेला असतो. मायला आंदणात मिळालेली पितळेची भांडी मात्र फळीवर ओळीने बसलेली आहेत. दिवाळीला त्यांना चिंच लावून चकचकीत करायचे आणि पुन्हा फळीवर ठेवायचे. काम सारे गंजाचे. क्रियापदांमध्येही असे काही गंज असतात.

हे केवळ आपल्याच भाषेत आहे असे नाही. ऑक्सफर्डच्या थोरल्या इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली वीस खंडांत निघाली. त्यात सर्वांत लांब नोंद कोणत्या शब्दाची असावी? एखाद्या शास्त्रातल्या किंवा तत्त्वज्ञानातल्या शब्दाची नव्हे. ती होती ‘सेट’ या तीन अक्षरी क्रियापदाची, आणि त्याचे सुमारे ४३० अर्थ तिथे नोंदवले होते. पुढे तिसऱ्या आवृत्तीचे काम चालू असताना ‘रन’ या क्रियापदाने त्यालाही मागे टाकले. त्याचे अर्थ भरले ६४५! एवढ्याशा शब्दाच्या पोटात एवढे बिऱ्हाड पाहून कोशकारही थकले असतील.

आमच्या वाट्याला आले ते ‘गेट’. इंग्रजीच्या सरांनी पावसाळ्यात एके दिवशी हे क्रियापद फळ्यावर लिहिले आणि सांगितले, “याचे जितके वेगवेगळे अर्थ सापडतील तितकी वाक्ये लिहून आणा.” संध्याकाळी मी ओसरीत बसून मोठ्याने वाचू लागले, गेट, गॉट, गेटिंग. बाबा बैलाला कडबा टाकून आत येत होते. ते थांबले.

“कायच्या गेटाचा अभ्यास चालू हाये वं?” त्यांनी विचारले. “आपल्या वावराले तं गेटच नाई.”

सगळे हसलो. बाबा चौथीपर्यंत शिकलेले, माय सही करते तेवढीच. इंग्रजीतले ‘फाटक’ आणि इंग्रजीतले ‘मिळवणे’ हे आपल्या कानाला सारखेच ऐकू येतात, त्याला ते तरी काय करणार! पण त्या रात्री ‘गेट’चे फाटक माझ्यापुढे खरोखरच उघडले. पत्र मिळाले तर ‘आय गॉट अ लेटर’. सर्दी झाली तरी ‘आय गॉट अ कोल्ड’. पाणी आणून दे म्हणायचे तर ‘गेट मी सम वॉटर’. अंधार पडत चालला तर ‘इट इज गेटिंग डार्क’. बसमधून उतरायचे तरी गेट, चढायचे तरी गेट, सकाळी उठायचे तरी गेट. तुमचे म्हणणे कळले नाही तरी ‘आय डोन्ट गेट यू’. नोकरी मिळाली, ‘शी गॉट अ जॉब’. लग्न झाले, ‘शी गॉट मॅरिड’. आणि जाण्यावाचून गत्यंतर नसेल तर ‘आय हॅव गॉट टू गो’.

गंमत अशी की हा एवढा राबणारा शब्द मूळचा इंग्लंडचा नाही. हजार-अकराशे वर्षांपूर्वी स्कँडिनेव्हियातून येऊन इंग्लंडात वसलेल्या नॉर्स लोकांच्या भाषेतून तो आला. ‘टेक’ हे क्रियापदही त्यांच्याच बोटीतून उतरले. आलेले पाहुणे घरधनी होऊन बसले, एवढे की त्यांच्यावाचून इंग्रज माणसाला आज सकाळचे उठताही येत नाही.

सरांचा अभ्यास मी करून दिला, पण एक प्रश्न डोक्यात घर करून राहिला. इंग्रजीचा गंज ‘गेट’ असेल, तर आपला कोणता?

एका रविवारी मी कान देऊन घरातले बोलणे ऐकायचे ठरवले. आजी उठली तीच कुरकुरत, “रातभर डोया नाई लागला.” मायचे लक्ष चुलीकडे होते, “पाह्य वं, दूध बुडाले लागलं.” शेजारच्या काकू दारात आल्या, त्यांना वाटीभर मीठ लागत होते. धाकटा भाऊ उंबऱ्याला अडखळला, त्याला ठेच लागली आणि तो रडायला लागला. त्याच्या मागे कुत्रे लागले होते असे नंतर कळले. बाबा म्हणाले, “वावरात जा लागते.” तिथून आले तेव्हा खुशीत होते, कपाशीला बोंडे चांगली लागली होती. पण लगेच पुढचे वाक्य आलेच, “बोंडअयी नाई लागली म्हंजे झालं.” २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भातली कपाशी खाल्ली तेव्हापासून हे वाक्य आमच्या घरी बोंडांच्या मागोमाग येते. दुपारी एक गृहस्थ आले. हे कोण, असे मी हळूच विचारले तर माय म्हणाली, “तुया मामाचे साडू लागतात.” मी वाकले, “पाया लागतो.” जेवताना भाऊ म्हणाला, भाजी खारट लागते. संध्याकाळी दिवे लागले. आजीने भावाची मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली, कारण त्याला कोणाची तरी नजर लागली असावी. आणि झोपताना माय मला म्हणाली, “सकायी लिंबू घेऊन जाजो, तुले गाडी लागते.” मी म्हणाले, “पण तेल्हाऱ्याची गाडी लागली का नाही हे पाहायला कोणाला तरी फाट्यावर धाड.” एक गाडी फाट्यावर लागते आणि तीच गाडी पोटातही लागते!

रात्री वही उघडून मोजले. ३१ वाक्ये भरली. सरांच्या ‘गेट’शी टक्कर द्यायला हा आमचा पठ्ठ्या पुरेसा होता.

मग मी वाचनालयात जाऊन कोश काढले. मोल्सवर्थ साहेबाचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि त्याची वाढवलेली आवृत्ती १८५७ साली. त्यात ‘लागणे’ची नोंद वाचताना बोट ठेवून वाचावी लागते, नाहीतर ओळ चुकते. दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशातही तीच कथा. या शब्दाचे मूळ संस्कृतातल्या ‘लग्’ या धातूत आहे. प्राकृतात तो ‘लग्ग’ झाला आणि आपल्याकडे ‘लाग’. हिंदीतला ‘लगना’ हा त्याचाच भाऊ. मूळ अर्थ एवढाच की चिकटणे, जोडले जाणे. ‘लग्न’ हा शब्दही त्याच धातूचा. म्हणजे ‘लग्न लागले’ असे आपण म्हणतो तेव्हा एकच धातू दोनदा वापरतो, जणू एकदा चिकटून भागणार नाही! आपले कॉलेज संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी ‘संलग्न’ आहे असे प्रवेश-पुस्तिकेवर छापलेले असते, तेही याच घराण्यातले. शेतातली ‘लागवड’ आणि रोगाची ‘लागण’ या दोघी सख्ख्या बहिणी आहेत, एक घर भरते आणि दुसरी रिकामे करते.

आता ‘गेट’ आणि ‘लागणे’ शेजारी ठेवून पाहा. इंग्रजीत नोकरी ‘गेट’ होते, आपल्याकडे लागते. इंग्रजीत माणसे ‘गेट मॅरिड’ होतात, आपल्याकडे लग्न लागते. त्यांचे ‘हॅव गॉट टू गो’ म्हणजे आपले ‘जावे लागते’. त्यांचे ‘गेट टू वर्क’ म्हणजे आपले ‘कामाला लागणे’. एवढेच काय, ‘आय हॅव गॉट टू गेट टू वर्क’ या वाक्यात ‘गेट’ दोनदा येते, आणि त्याचे मराठी करा, ‘मला कामाला लागावे लागेल’. तिथेही ‘लागणे’ दोनदा! सात समुद्रांपलीकडच्या दोन भाषा, एकीच्या क्रियापदाचे मूळ नॉर्स लोकांच्या बोटीत आणि दुसरीच्या क्रियापदाचे आपल्या प्राकृतात. पण पोट भरणे, संसार मांडणे आणि नाइलाजाने उठून जाणे या तिन्ही गोष्टींसाठी दोघींनी एकेकच गंज वापरला.

पण इथे एक फरक आहे, आणि या लेखात मला खरे तर तोच सांगायचा आहे.

‘गेट’च्या वाक्यात ‘आय’ पुढे उभा असतो. मिळाले तरी ‘आय गॉट’, मार बसला तरी ‘आय गॉट हर्ट’. जे काही घडते ते ‘मी’च्या नावावर. ‘लागणे’च्या वाक्यात माणूस असा पुढे उभा नसतो. भूक लागते, ती मला. नोकरी लागते, तीही मला. पुढे असते ती भूक, ती नोकरी. मी चतुर्थी विभक्तीत, जरा बाजूला उभी. गोष्टी येतात आणि मला लागतात. इंग्रजीतही पूर्वी असे होते. शेक्सपिअरच्या नाटकांत ‘मीथिंक्स’ असा शब्द येतो, तो सरांनी समजावून दिला होता. त्याचा अर्थ ‘मला वाटते’. त्यातला ‘मी’ हा आपला मराठी ‘मी’ नव्हे, तो ‘मला’ आहे! पुढे इंग्रजीने हा ‘मला’ बाजूला सारला आणि ‘आय थिंक’ म्हणायला सुरुवात केली. आपण अजून ‘मला’वरच आहोत.

आणि आमच्याकडे तर ‘मले’वर. या ‘मले-तुले’वर पुष्कळ लोक हसतात. मागे एका वक्तृत्व स्पर्धेत माझ्या तोंडून ‘पानी’ गेले, तेव्हा पहिल्या रांगेतून हसू आले. ते मनाला लागले. (‘लागणे’चा हाही एक अर्थ, वहीत बत्तिसावा.) पण वाचू लागल्यावर कळले की ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात, १९०५ साली, आपल्या वऱ्हाडीचे नमुने आदराने नोंदवलेले आहेत. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ ‘लीळाचरित्र’ तेराव्या शतकात सिद्ध झाला तो आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या ऋद्धिपुरात. आणि आपल्याच तालुक्यातल्या हिंगणीचे कवी विठ्ठल वाघ यांनी या बोलीत कविता लिहून ती महाराष्ट्रभर नेली. तेव्हा ‘मले’ म्हणताना मान खाली घालायचे कारण नाही. असो.

‘लागणे’चे वजन मला कळले ते मात्र कोशात नाही, आमच्या विहिरीवर.

आपल्या तालुक्याचा नकाशा पाहा. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला पूर्णा नदी. डोंगराच्या पायथ्याकडे गोडे पाणी, संत्र्याचे आणि केळीचे बगीचे. पूर्णेकडे उतरत गेलो की जमीन काळीभोर, भारी, कपाशीला मानवणारी. पण पोटातले पाणी खारे. हा खारपाणपट्टा. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांत तो पूर्णेच्या दोन्ही काठांनी पसरला आहे. या पाण्याने ओलित केले तर जमीन कडक होते, पाण्याचा निचरा होत नाही आणि पीक पिवळे पडते. म्हणून नदी जवळ असूनही आमची शेती आभाळाकडे पाहणारी. आमचे गाव या पट्ट्यातले.

१९७२ चा दुष्काळ पडला. दुसऱ्या वर्षी आजोबांनी वावरात विहीर खोदायला घेतली. आजी अजून ती हकिकत सांगते. घरातले किडूकमिडूक विकले, भावाभावांनी मिळून खोदले. वीस हात झाले, तीस हात झाले, पाणी नाही. गावातले लोक येता-जाता विचारायचे, “लागलं का?” आजोबा मान हलवायचे. चाळीस हातांच्या पुढे एके दिवशी खालून आरोळी आली, “लागलं! लागलं!” आजी घराकडे पळत गेली, गुळाचा खडा घेऊन आली. तोवर आजोबा वर आले होते. त्यांनी बादलीतली ओंजळभर पाणी तोंडात घेतले आणि गप्प उभे राहिले.

आजीने विचारले, “कसं लागलं?”

आजोबा म्हणाले, “लागलं.”

एवढेच. आजीने स्वतः ओंजळ तोंडाला लावली तेव्हा तिला त्या उत्तराचा अर्थ कळला. पाणी लागले होते आणि खारे लागले होते. एकाच क्रियापदाने एका दमात दिले आणि त्याच दमात काढून घेतले. ही कथा सांगताना आजी अजून तोंड वाकडे करते, जणू ते पाणी आताच जिभेवर आले आहे. ती विहीर अजून आहे. तिच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही. प्यायचे पाणी आता वारी भैरवगडच्या वान धरणातून, सातपुड्याच्या पायथ्याहून, नळाने येते. नळाला पाणी आले की आजी प्रत्येक वेळी पहिला पेला तोंडाला लावून पाहते आणि म्हणते, “गोड लागते.” दर वेळी. जणू तिला खात्री करून घ्यायची असते.

‘गेट’ला हे जमणार नाही. ‘आय गॉट वॉटर’ म्हटले की गोष्ट संपते, पाणी पदरात पडले. ‘पाणी लागले’ म्हटल्यावर गोष्ट अर्धीच झालेली असते. कसे लागले, हे अजून राहिलेले असते.

हे मी का लिहिते आहे? कारण माझ्या वयाच्या मुलीला घरी दोन गोष्टी लागायच्या असतात, नोकरी आणि लग्न, आणि सगळ्यांचे लक्ष यातली कोणती आधी लागते याकडे असते. माझी ताई बारावी झाली आणि तिचे लग्न लागले. तिला नर्सिंगला जायचे होते. मागे ती माहेरपणाला आली तेव्हा मी तिला विचारले, “तुला तर पुढे शिकायचं होतं ना गं?” ती भाकरी थापत होती. म्हणाली, “जा लागलं.” दोन शब्द. त्यात कोणावर राग नव्हता, कोणाचे नावही नव्हते. हीच तर ‘लागणे’ची खुबी आहे आणि हाच त्याचा धोका. ‘लग्न लागले’ म्हटले की ते पाऊस पडावा तसे पडते, कोणी ठरवले हे वाक्यात कुठेच येत नाही. ‘जावे लागले’ म्हटले की कोणी पाठवले याचा शोध लागत नाही.

पण मराठीने या आजारावर औषधही करून ठेवले आहे. ‘लागणे’चा थोरला भाऊ ‘लावणे’. तो आला की करणाऱ्याला लपता येत नाही. लग्न लागले, बरोबर. पण ते ‘लावून दिले’ कोणी? दिवा लागला, ‘लावला’ कोणी? ‘लावणे’च्या वाक्यात माणसाला पुढे येऊन उभे राहावे लागते, नावानिशी. त्या खाऱ्या विहिरीच्या काठावर आजोबांनी त्याच वर्षी निंब लावला. विहीर फसली, निंब मात्र लागला. आता त्याच्या सावलीत वेचणीच्या बाया दुपारची भाकर खातात. कोणी लावल्याशिवाय काही लागत नाही, आणि लावलेले सगळेच लागते असेही नाही. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्याला हे कोणी शिकवावे लागत नाही.

मला शाळेत कोणी लावले? मायने. आमच्या गावी मुलींची शाळा सातवीला संपते. पुढे रोज एसटीने जायचे, पासचे पैसे, वह्यांचे पैसे. माय दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचून ते आणीत असे. मी कॉलेजात आले हे ‘लागले’ नव्हे, ‘लावले’ आहे, आणि त्या वाक्यातली पहिली जागा तिची आहे.

गेल्या दिवाळीनंतर मला पाहायला पाहुणे आले. मुलगा चांगला होता, घर गोड्या पाण्याच्या गावचे होते. आमच्या पट्ट्यातल्या मुलीच्या घरी ही केवढी जमेची बाजू असते, हे इतरांना कळायचे नाही. चहा झाला. मुलाच्या काकांनी बाबांना विचारले, “इतकं शिकून पोरीले नोकरी लागन काय?”

बाबा काही बोलले नाहीत. खरे उत्तर कोणालाच ठाऊक नव्हते. आपल्या कॉलेजातून बी.ए. होऊन घरी बसलेली मुले-मुली आपण सगळे रोज पाहतो. ओसरीत जरा वेळ कोणीच बोलेना. मग दाराआडून माय म्हणाली, “नोकरी लागन का नाई लागन, ते आमाले काय मालूम. पन तिले गोडी लागली हाये.”

सगळे दाराकडे पाहू लागले. माझ्या हातात चहाचा ट्रे होता आणि मला कुठे पाहावे ते कळेना. बाबांनी घसा खाकरला आणि म्हणाले, “दोन वर्सं थांबा लागन मंग.”

मी नंतर ते वाक्य वहीत लिहून ठेवले. ‘थांबा लागन’, म्हणजे थांबावे लागेल. आमच्या घरात हा सक्तीचा ‘लागणे’ आजवर बायकांच्या वाट्याला आलेला होता. आजीला करावे लागले, मायला जावे लागले, ताईला सोडावे लागले. त्या दिवशी पहिल्यांदा तो उंबरा ओलांडून समोरच्या पाहुण्यांच्या वाट्याला गेला. बाबांनी एवढे सहज म्हटले की त्यांनाही ते कळले नसावे.

पाहुणे थांबले नाहीत. महिन्याभराने त्यांची सोयरीक दुसरीकडे जुळल्याचे कळले. आजी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. गोड्या पाण्याचे गाव हातचे गेले, असे तिचे म्हणणे, आणि तिला ओंजळभर खाऱ्या पाण्याची आठवण असताना तिच्यावर रागावणे मला जमले नाही. ताईचा फोन आला. ती आधी हसली, मग म्हणाली, “चांगलं केलं मायनं.” मग बराच वेळ काही बोलली नाही.

नोकरी लागेल की नाही, मला माहीत नाही. लागली तर ती कशी लागेल, गोड की खारी, तेही माहीत नाही. विहिरीसारखेच आहे हे, खोदल्याशिवाय कळत नाही आणि खोदल्यावर आपल्या हाती काही राहत नाही. पण गोडी लागली आहे हे खरे. आमच्या गावात गोडी ही काही साधी गोष्ट नाही.

मित्रमैत्रिणींनो, आज घरी गेल्यावर जरा कान देऊन ऐका. आपली आजी, आपली माय दिवसभरात हे एकच क्रियापद किती अर्थांनी राबवते ते मोजा, आणि त्यातली किती वाक्ये कोणी ‘लावले’ हे लपवतात, तेही पाहा. ३२ च्या पुढे कोणाची यादी गेली तर मला जरूर दाखवा.

आता हा लेख थांबवावा लागतो. संपादक सरांनी दिलेली पाने संपत आली आणि परीक्षेचे वेळापत्रक फलकावर लागले आहे. अभ्यासाला लागावे लागेल.